गिटार घुमते ती मास्तरांच्याच हातात

१

चोरी झाली ती भरल्या सभागृहात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि चोरीला गेली ती शांतता.

आक्का गात होत्या. वय झालं, दम पुरेना, म्हणून हा त्यांचा निरोपाचा कार्यक्रम. गाणंही शेवटचं आणि कडवंही शेवटचं. ड्रम थांबले, कीबोर्ड थांबला. आक्कांच्या आवाजाखाली उरला तो मास्तरांच्या बेस गिटारचा एकच लांब, खोल सूर, निजलेल्या लेकराच्या पाठीवर कुणी हात ठेवावा तसा.

दिवा मालवते बाई, ऊब नको मालवूस,
माझ्यामागं या घराला मुकं नको ठेवूस.

‘मुकं’ या शब्दावर आक्का थांबायच्या. तिथं मास्तर बोटांनी तार अलगद दाबून सूर मिटवायचे, आणि सबंध सभागृह एक श्वास रोखून बसायचं. गाणं खरं त्या थांब्यातच होतं. तो थांबा पकडायलाच तर ध्वनिमुद्रण ठेवलं होतं.

आक्का थांबल्या. मास्तरांनी तार मिटवली.

आणि त्या शांततेत भिंतीआडून मधमाश्यांचं पोळं जागं व्हावं तसा स्पीकरमधून आवाज आला. घूंऽऽऽऽ.

आक्कांनी डोळे उघडले. पुढची ओळ त्यांच्या ओठांवरून घरंगळून गेली ती गेलीच.

मास्तर तडक माईकपाशी गेले. त्यांना आपलाच आवाज मोठा होऊन ऐकू आला. “बटण, अरे कान आहेत का नुसती भोकं? जमत नसेल तर घरी बस की!”

लोक हसले. साउंडवाल्याला सगळे बटण म्हणत. उभी हयात बटणांपुढं गेली त्याची. तो मिक्सरमागं उभा राहिला, काहीतरी बोलला, पण त्याच्यापुढं माईक नव्हता. तिसऱ्या रांगेत त्याची बायको होती, शेजारी शाळकरी लेक. लेक हसणाऱ्यांकडं वळून वळून बघत होती, एकेकाचा चेहरा पाठ करून ठेवावा तशी.

मास्तरांनी ते पाहिलं. पाहून नजर काढून घेतली.

२

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं निकाल दिला. येत्या रविवारी त्याच श्रोत्यांना परत बोलवायचं, आक्का तेवढं एक गाणं पुन्हा गातील, आणि मिक्सरवर माणूस नवा असेल. नव्या माणसाच्या हाताखाली आवाज स्वच्छ आला तर बटणनं साउंडच्या खोलीच्या किल्ल्या कायमच्या जमा करायच्या.

“थांबा जरा,” असं म्हणणारी एकटी मावशी निघाली.

मावशी म्हणजे आक्कांची धाकटी बहीण. टेलिफोन खात्यात लाइनीवरचे बिघाड शोधण्यात तिची नोकरी सरली होती. निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. कुणाच्या घरी पंखा कुरकुरला तरी आधी तो बघणार, मग घरच्यांची खुशाली विचारणार.

“लाइनीवर घुमतंय अशी तक्रार आली की आम्ही आधी कुणाला शिव्या देत नसू, मास्तर,” ती म्हणाली. “आधी विचारायचो, कालपर्यंत नव्हतं ना? मग काल आणि आज यांच्यात काय बदललं?”

“काहीच नाही बदललं,” मास्तर म्हणाले.

“दुपारी तालमीत आवाज होता?”

“छे. अगदी स्वच्छ.”

“मग दुपार ते संध्याकाळ काहीतरी बदललंच की हो.”

मास्तरांनी खिशातून मोबाईल काढला. उगाचच, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. बोट टेकवलं, मोबाईल उघडेना. पुन्हा टेकवलं. शेवटी आकडे दाबून उघडला. परवा संगीतशाळेतही हेच झालं होतं. हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं की आतली बाई म्हणायची, पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा. कारकून हसून म्हणाला होता, “मास्तर, मशीन तुम्हाला ओळखेनासं झालंय.” तेव्हा मास्तरही हसले होते. हसताना हात खिशात गेले होते. हल्ली ते आपोआपच जायचे.

मावशीनं चौकशी मांडली ती रंगमंचाच्या कडेलाच, एका लाकडी पेटीवर बसून.

पहिला आला आक्कांचा जावई. तोच कीबोर्ड वाजवायचा.

“जावईबापू, मास्तरांचा प्लग होता त्याच बोर्डात तुम्ही काय खुपसलं होतं?”

“मी? कीबोर्डचा प्लग. बास.”

“आणि?”

“आणि काय... काही नाही.”

“कीबोर्डला पांढरी वायर कधीपासून फुटली? दिवेवाल्यानं पाहिलीय.”

जावयाचे कान लाल झाले. “मोबाईलचा चार्जर होता. सामना चालू होता हो मावशी. गाण्याच्या मधेमधे नुसता स्कोअर बघत होतो. सासूबाईंना सांगू नका, पाया पडतो.”

“पाया नंतर पडा. आधी तोच चार्जर घेऊन या.”

मग दिवेवाला. त्यानं आधीच हात झटकले. “आमचं काय, आम्ही उजेडाची माणसं. आवाजाशी आमचा संबंध नाही.”

“शेवटच्या कडव्याला दिवे अर्ध्यावर आणलेत ना?”

“आणले. आक्कांनीच सांगितलं होतं, डोळ्यांवर येतो म्हणून.”

“दिवे अर्धे जाळणारं ते यंत्र हवेत भुणभुण सोडतं. माहीत आहे?”

“आता तुमच्याकडूनच कळतंय,” असं म्हणून दिवेवाला मागं सरला.

सगळ्यात शेवटी बटण आला. किल्ल्यांचा जुडगा त्यानं मुठीत घट्ट धरला होता. मास्तरांकडं त्यानं पाहिलं नाही. मावशीशीच बोलला.

“केबल बदलली मी, मावशी. दुसऱ्या गाण्यानंतरच बदलली. प्लगही दुसऱ्या बोर्डात लावून पाहिला. आवाज पहिल्या गाण्यापासूनच होता, मोठ्या वाजण्यात झाकला जायचा इतकंच. आणि एक गोष्ट मला कळलीच नाही.”

“बोल.”

“बेसवाला तारांवरचे हात काढून नुसता उभा राहिला की अशी घूं येते, हे आम्हाला पाठ असतं. हात परत तारेवर टेकला की गप्प. हा आवाज हुबेहूब तोच होता. पण मी डोळ्यांनी बघत होतो, मास्तरांचे दोन्ही हात तारांवर होते.”

मावशीनं पेटीवरून उठून गिटार उचलली. मग म्हणाली, “गिटार उघडा.”

३

गिटारच्या पाठीवरचं झाकण काढलं. आतल्या तारा, डाग दिलेले सांधे, सगळं निवांत होतं. मावशीनं आपल्या जुन्या मीटरचं एक टोक गिटारच्या तारेला लावलं, दुसरं केबलच्या टोकाशी. मीटर टुं करून बोललं. जिथं जिथं टोक टेकवलं तिथं तिथं बोललं.

“अर्थिंग शाबूत आहे. गिटार निर्दोष.”

मग तिनं त्या संध्याकाळचा देखावा पुन्हा मांडला. दिवे अर्ध्यावर, चार्जर बोर्डात, केबल तीच. गिटार स्टँडवर उभी केली तशी स्पीकरमधून बारीक घूं उमटली.

“हा बघा आपला चोर. आला. आता जावईबापू, गिटार घ्या.”

“मला नाही येत ही.”

“वाजवा कोण म्हणतंय? नुसती तार धरा.”

जावयानं तार धरली. घूं पडली. पेटता दिवा फुंकून टाकावा तशी. जावई सोडी, घूं येई. धरी, घूं जाई. त्याला त्याची गंमतच वाटायला लागली.

“पुरे. बटण, तू.”

बटणनं धरली. गप्प. दिवेवाल्यानं धरली. गप्प. मावशीनं स्वतः गिटार मांडीवर घेतली. गप्प.

“आता मास्तर.”

सकाळ कोवळीच होती, उकाडा होताच, तरी मास्तर पुऱ्या बाह्यांचा सदरा घालून आले होते, बाह्या पार बोटांच्या मुळापर्यंत ओढलेल्या. त्यांनी पट्टा गळ्यात घातला. दोन्ही हात सवयीनं तारांवर गेले. डाव्या हाताची चार बोटं, उजव्याची दोन.

घूंऽऽऽऽ.

त्यांनी बोटं दाबली. घूं. जोरानं दाबली. घूं. हात काढून पुन्हा ठेवले. आवाज तसूभर हलला नाही.

सगळे मास्तरांच्या तोंडाकडं बघायला लागले. गिटार तीच, केबल तीच, दिवे तेच. चार माणसांच्या हातात मुकी राहिलेली वस्तू या एकाच्या हातात बोलत होती.

“मास्तर, भूतबीत लागलं की काय तुम्हाला?” जावई हसत म्हणाला.

मावशी हसली नाही. तिनं मास्तरांच्या बोटांकडं पाहिलं. मास्तरांनी गिटार उतरवून ठेवली आणि हात खिशात घातले.

“मला शाळेला उशीर होतोय,” ते म्हणाले, आणि भर सुट्टीच्या दिवशी ते शाळेला निघाले.

४

घरी बायको ओट्यापाशी होती. “अहो, आज तर सुट्टी ना? गेला होतात कुठं?” म्हणाली. मास्तर सरळ आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून बसले.

खोलीत गिटारचा छोटा अँप्लिफायर होता, जुनी सरावाची गिटार होती, आणि कपाटाच्या खालच्या खणात, मोज्यांच्या मागं, गोंदाची नळी होती. कपाचा तुटलेला कान, चपलेचा निघालेला तळ ज्यानं चिकटवतात तो झटपट गोंद.

त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. पावसाळा सरल्यावर शेताला पडतात तशा, आडव्या आणि खोल. आधी लाली आली, मग खाज, मग कातडी सोलायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तारांच्या धातूचंच त्यांच्या कातडीला वावडं झालंय. मलम लावा, दुसऱ्या तारा बसवा, काही दिवस वाजवणं बंद ठेवा. कुणाला लागण्यासारखं हे नाही, असंही म्हणाले होते.

पण ते म्हणाले दवाखान्यात. शाळेत एका विद्यार्थ्याच्या आईनं मास्तरांची बोटं पाहिली, लेकाचा हात त्यांच्या हातातून सोडवून घेतला आणि हळूच विचारलं, “मास्तर, हे लागट नाही ना?” पुढच्या आठवड्यापासून तो मुलगा दुसऱ्या वर्गात बसायला लागला. ती बाई वाईट नव्हती. आवाजही तिनं अगदी हळू ठेवला होता. तेच मास्तरांच्या जिव्हारी लागलं. रागावून बोलली असती तर भांडता आलं असतं.

तेव्हापासून गोंद. भेगांवर थेंब सोडायचा, फुंकर घालायची. वाळला की बोट गुळगुळीत, काचेसारखं. दुखणंही थांबायचं आणि दिसणंही.

मास्तरांनी अँप लावला, ट्यूबलाइट लावली. तार धरली. घूं आली. मग त्यांनी एका बोटावरचा गोंद नखानं खरवडला. कातडीसकट निघाला. रक्ताचा ठिपका आला. ते उघडं बोट त्यांनी तारेला टेकवलं.

घूं पडली.

मास्तर त्या शांततेत बसून राहिले. आयुष्यभर जिच्यासाठी जीव टाकला ती शांतता त्या दिवशी त्यांना नकोशी झाली.

त्यांनी सदरा काढला. बनियनवर गिटार घेतली. बाकीची गोंदाची बोटं तारांवर ठेवली, आणि उजवं उघडं मनगट, तारा जिथं अडकवलेल्या असतात त्या लोखंडी पट्टीवर टेकवलं. गप्प. म्हणून दुपारच्या तालमीत आवाज नव्हता! तेव्हा अर्ध्या बाह्यांचा सदरा होता. संध्याकाळी अंगावर काळा कोट आला, मनगट झाकलं गेलं, आणि चोराला वाट मिळाली.

गुन्हेगार सापडला होता आणि तो त्यांच्या दहा बोटांतच राहत होता.

त्याच क्षणी दुसरा विचार आला. आला तो इतका सोपा, इतका गोड, की त्याचीच भीती वाटावी. रविवारी बाह्या वर करायच्या. मनगट पट्टीवर टेकवायचं. आवाज स्वच्छ येईल. कुणी काही विचारणार नाही.

आणि मिक्सरवर नवा माणूस असेल. सगळे म्हणतील, बघा, बटणचाच दोष होता.

दारावर टकटक झाली. “चहा ठेवलाय,” बायको म्हणाली. “आणि बोटाला रक्त आलं असेल तर कापूस कपाटात वरच्या खणात आहे. खालच्या नाही.”

म्हणजे हिला खालचा खण माहीत होता. माहीत असून तिनं इतके दिवस विचारलं नव्हतं.

५

शनिवारच्या तालमीला मास्तर बाह्या वर करून गेले.

कडवं आलं. आक्का ‘मुकं’ या शब्दावर थांबल्या. मास्तरांनी सूर मिटवला आणि मनगट पट्टीवर तसंच राहू दिलं. शांतता उभी राहिली, सबंध, निर्मळ, कुठं चरा नाही. नव्या साउंडवाल्यानं अंगठा वर केला.

“शाब्बास!” मॅनेजर म्हणाला. “म्हणजे रोग कुठं होता ते कळलं.”

जावई म्हणाला, “त्या दिवशी मास्तरांच्या हातात घुमलं तेही बटणच्याच जोडणीमुळं असणार. बिचारा हल्ली थकलाच होता म्हणा. कान जातात या धंद्यात.”

“होय की,” दिवेवाला म्हणाला.

मास्तर काहीच बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी ते मनाची समजूत घालत होते, आणि मन काही समजून घेत नव्हतं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण पायाखाली रंगमंचाच्या फळ्या होत्या आणि त्या चांगल्या भक्कम होत्या.

सगळे पांगल्यावर मावशी त्यांच्याशेजारी येऊन बसली.

“मनगट छान टेकवलंत.”

मास्तरांचे हात खिशात गेले.

“मी सांगते, चुकलं तर थांबवा,” मावशी म्हणाली. “विजेची भुणभुण हवेत कायमचीच असते. दिव्यांची, चार्जरची, भिंतीतल्या वायरींची. आपलं अंग ती गोळा करतं आणि छातीशी धरलेल्या गिटारला ऐकवतं. कातडी तारेला लागली की भुणभुण तारेतून केबलमध्ये आणि तिथून अर्थिंगला निघून जाते. बरोबर?”

“बरोबर.”

“जावयाला लागलं, मला लागलं, तुम्हाला लागेना. मग तार आणि तुम्ही यांच्यामध्ये काहीतरी आहे. हातमोजे तर दिसत नव्हते. मोबाईल तुमचं बोट ओळखत नाही, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. म्हणजे बोटावरच्या रेघा बुजल्यात. आणि आज बाह्या वर गेल्या, मनगट लोखंडाला लागलं, तसा आवाज गेला. बोटांना काय लावता, मास्तर?”

“गोंद.”

“का?”

मास्तरांनी हात खिशातून काढले. कितीतरी दिवसांनी ते कुणापुढं उघडले होते. मावशीनं चष्मा सारखा केला, एक हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. सोडला नाही.

“दुखतं?”

“मावशी, आज मी बोललो नाही. सगळे त्याला नावं ठेवत होते आणि मी तारा पुसत बसलो.”

“पाहिलं मी.”

“तुम्ही का नाही बोललात मग?”

“मी बिघाड शोधते. तो सापडला, माझं काम झालं.” ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून थोडी थांबली. “खरं सांगू? मला आज तुमचा फार राग आला होता. हात पाहिल्यावर अर्धा गेला. उरलेला अर्धा बटणच्या घरी घेऊन जा.”

६

बटण एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर राहायचा. दार त्यानंच उघडलं. टेबलावर जुना रेडिओ उघडून ठेवला होता. मास्तर उभ्यानंच बोलले. बोटं दाखवली, गोंद सांगितला, मनगट सांगितलं. शनिवारच्या तालमीत गप्प बसलो, हेही सांगितलं. ते सांगायला सगळ्यात जड गेलं.

बटणनं हातातला पेचकस रेडिओशेजारी ठेवला.

“म्हणजे माझे कान बरोबर होते,” तो म्हणाला.

“हो.”

“रात्री झोप लागेना मला, मास्तर. वाटलं, खरंच गेले की काय. बायकोला पलीकडच्या खोलीतून बोलायला लावलं. हळू बोल, आणखी हळू बोल. ती रडायला लागली.”



“मला तेव्हाच सांगायचं होतंत,” बटण म्हणाला. “इतकी वर्षं तुमचा आवाज माझ्या हातातून जातोय. दुसऱ्या तारा आणल्या असत्या. कोटाच्या आतून एक वायर मनगटाला बांधून दिली असती, कुणाला दिसलीही नसती. अहो, एवढंसं काम होतं.”

“लाज वाटली.”

“माझी?”

“सगळ्यांचीच.”

बटणनं मान हलवली. “जाऊ द्या. उद्या सकाळी मॅनेजरला सांगा, म्हणजे माझ्या किल्ल्या माझ्याकडं राहतील. मला तेवढं पुरे. लोकांचं काय, लोक विसरतात.”

“मी नाही विसरले.”

आतल्या दारात लेक उभी होती. किती वेळ होती कोण जाणे.

“आत जा गं,” बटण म्हणाला.

“जाते. पण शाळेत मला विचारतात, तुझ्या बाबांना कान आहेत की भोकं. मॅनेजर काय माझ्या शाळेत येऊन सांगणार आहे?” ती मास्तरांकडं वळली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, नुसता प्रश्न होता. “काका, तुम्ही ते माईकवर का बोलला होतात? खाली येऊन बाबांच्या कानात का नाही सांगितलंत?”

उत्तर मास्तरांना माहीत होतं. आवाज घुमला तेव्हा सगळं सभागृह गिटारकडं बघायला लागलं होतं, गिटारवर हात होते, आणि हातांवरची नजर उचलून दुसरीकडं फेकायला त्यांना कुणीतरी हवं होतं. बटण लांब होता, अंधारात होता, आणि त्याच्यापुढं माईक नव्हता.

७

रविवारी सकाळी मास्तरांनी मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर आधी चिडला, मग संकोचला, मग म्हणाला, “बरं, मिक्सरवर बटणच बसेल. पण मास्तर, आता वाच्यता कशाला? आवाज दुरुस्त झालाय ना, मग झालं.” आक्कांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “अरे मास्तर, तुझी बोटं इतकी दुखत होती आणि मी तुला तो सूर आणखी लांबव, आणखी लांबव म्हणत होते.” त्यानं मास्तर आणखीनच खचले. रागाची तयारी करून आलेल्या माणसाला माया सोसत नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. तीच माणसं, त्याच खुर्च्या. तिसऱ्या रांगेत बटणची बायको आणि लेक. मास्तरांनी दिवसभर कोमट पाण्यात हात बुडवून गोंद काढला होता. बोटं लाल, उघडी, जागोजाग भेगाळलेली. कोटाच्या बाहीतून त्यांनी ती बाहेर काढली तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई जरा मागं सरली. मास्तरांनी ते पाहिलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही.

ते माईकपाशी गेले.

“गेल्या वेळी इथं जो आवाज आला,” ते म्हणाले, “तो बटणच्या चुकीनं आला नव्हता.”

ओठ हलले. पण स्पीकरमधून काहीच आलं नाही.

त्यांनी माईककडं पाहिलं, मग मागं, अंधारातल्या मिक्सरकडं. बटण उभा होता. माईकचा आवाज चढवायची पट्टी तळाशी होती आणि त्याचं बोट तिच्यावर होतं. तो मुद्दाम ती वर सरकवत नव्हता. त्यानं मान किंचित हलवली. नको, मास्तर. बसा. कुणाला ऐकू गेलेलं नाही.

मागच्या रांगांत कुजबुज झाली. “परत बिघडलं वाटतं,” कुणीतरी म्हणालं. “अहो, तोच माणूस बसलाय!” आणि त्या दिवशीचं ते हसू, तेच, त्याच खुर्च्यांमधून हळूहळू वर यायला लागलं.

हा माणूस आपल्याला झाकण्यासाठी स्वतःवर हसू ओढवून घेत होता, परत एकदा, लेकीच्या देखत. मास्तरांच्या अंगाला कानशिलापासून तळव्यापर्यंत चटका बसला. त्यांना एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती. गोंदानं बुजवावी अशी ती लाज नव्हती.

त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर धरले, उघडी बोटं दिव्यांकडं करून, आणि माईकवाचूनच, छातीतून ओरडले, “बटण! माईक उघड!”

हसू थांबलं. बटण हलला नाही.

“उघड रे,” मास्तर म्हणाले. आता आवाज फुटला होता. “तुझ्या लेकीला ऐकू जाऊ दे.”

बटणनं तिसऱ्या रांगेकडं पाहिलं. मग मान खाली घालून त्यानं पट्टी वर सरकवली, एका दमात नाही, हळूहळू, आक्कांच्या माईकची सरकवायचा तशी. स्पीकरमधून मास्तरांचा धापा टाकणारा श्वास आधी आला, सगळ्या सभागृहात पसरला.

मास्तरांनी तो पुरता खाली बसू दिला. मग पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.